परमिट रूमचा अंधार आणि दवाखान्यातलं ‘कधीतरी’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले होते. ऑपरेशनपूर्वी फिटनेससाठी मी त्यांना तपासलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “दारू घेता का?” पत्नी शेजारीच उभी होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “छे छे डॉक्टर. कधीतरी, लग्नाकार्यात.” मी तसंच लिहून घेतलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिसऱ्या रात्री मात्र फोन आला. हात थरथरत होते, अंग घामाने भिजलेलं, नाडी जोरात. भिंतीवर मुंग्या चालताहेत असं म्हणत ते सलाईनची नळी ओढून काढत होते. घरच्यांना वाटलं, भुलीचं औषध डोक्यात गेलं. पत्नी शपथेवर सांगत होती की ते घेत नाहीत. शेवटी एक जुना मित्र मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “साहेब, रोज एक क्वार्टर. वीस वर्षं झाली. घरी कुणाला माहीत नाही.”

रोजची दारू अचानक थांबल्याने होणारा हा वात होता. तो वेळेत ओळखला नाही तर जीव जाऊ शकतो. नशिबाने ते वाचले. पुढे तपासणीला आले तेव्हा जपानमध्ये नोकरी करणारा मुलगा सोबत होता. त्याने मला एक प्रश्न विचारला: “डॉक्टर, आमच्या ऑफिसचे लोक कामावरून सुटले की इझाकायात जातात. दिव्यांचा लखलखाट, खाणं-पिणं, गप्पा. साहेबही असतो, बायकाही असतात. कुणी काही लपवत नाही. आणि त्यांचं आयुष्य आपल्यापेक्षा जास्त. मग आपल्याकडेच असं का?”

या प्रश्नाचं अर्धं उत्तर वैद्यकशास्त्रात आहे आणि अर्धं इतिहासात. आज इतिहासाचं अर्धं जरा सविस्तर सांगतो, कारण त्याशिवाय ‘कधीतरी’ या शब्दाचा अर्थ कळणार नाही.

‘बसणं’: तिकडचं आणि आपलं

इझाकाया या शब्दात ‘इ’ म्हणजे बसणं, थांबणं आणि ‘साकाया’ म्हणजे दारूचं दुकान. जुन्या एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, लोक दुकानातून साके घरी घेऊन जात. हळूहळू काही गिऱ्हाईकं तिथेच उभ्या उभ्या प्यायला लागली, मग बसायला लागली आणि दुकानदार सोबत खायला देऊ लागले. १५९६ मध्ये सुरू झालेलं तोशिमाया नावाचं दुकान साकेबरोबर मिसो लावून भाजलेल्या टोफूसाठी प्रसिद्ध होतं. आजही इझाकायात बसलं की आधी एक छोटी खाण्याची वाटी समोर येते. मग मासे, भाज्या, कोंबडीच्या भाजलेल्या काड्या असं थोडं थोडं मागवत गप्पा चालतात.

गंमत अशी की मराठीतही याला ‘बसणं’च म्हणतात. “आज बसायचं का?” असं मित्राने विचारलं तर त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र तिकडचं बसणं रस्त्यावरून दिसतं, आपलं काळ्या काचेच्या किंवा पडद्याच्या आड चालतं. हा पडदा आला कुठून?

मोह, ताडी आणि सरकारी गुत्ता

आपल्या भागाला दारू नवी नाही. कोकण किनाऱ्यावर ताडी-माडी होती, गोव्यात फेणी आणि ती पिण्याची गावोगावची तावेर्न होती, नाशिक-खानदेशच्या डोंगरपट्ट्यात मोहाच्या फुलांची दारू होती. आदिवासी घरांत ती देवाला वाहिली जाई, लग्नात वाटली जाई आणि सगळ्यांसमोर प्यायली जाई. लोक तेव्हा कमी पीत किंवा सुखी होते, असं मी म्हणणार नाही. पण चोरून पिण्याचं कारण नव्हतं.

१८७८ चा मुंबई आबकारी कायदा आला आणि चित्र बदललं. दारू गाळण्यावर आणि विकण्यावर सरकारने ताबा बसवला, कर वाढवले, मक्तेदार नेमले. घरची मोहाची दारू गुन्हा ठरली आणि गुत्त्यातली सरकारमान्य दारू महाग झाली. गुत्तेवाला अनेकदा सावकारही असे. दारू उधार, कर्ज वाढतं आणि शेवटी जमीन जाते, असा तो फास होता.

याला उत्तरही याच डोंगरांतून आलं. १९२२-२३ मध्ये ‘देवी’ची चळवळ उभी राहिली. पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली ही लाट डोंगरपट्ट्यातून दक्षिण गुजरात आणि खानदेशपर्यंत पोहोचली. अंगात आलेली देवी सांगे: दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, गुत्तेवाल्याकडे जाऊ नका. हजारो आदिवासींनी दारू सोडली. पुढे काही गावांत ती परतही आली. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा: त्यांनी दारू सोडली ती उघडपणे आणि सगळ्यांनी मिळून. याकडे मी शेवटी परत येणार आहे.

एक डॉक्टर मंत्री

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. त्यात आरोग्य आणि आबकारी ही दोन्ही खाती एकाच माणसाकडे होती, आणि तो माणूस डॉक्टर होता. डॉ. मंचेरशा गिल्डर हे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. गांधीजींवर उपचार करणाऱ्यांपैकी ते एक. पुढे आगाखान पॅलेसमधल्या कैदेतही ते गांधीजींसोबत होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांनी मुंबई शहरात दारूबंदी आणली. स्वतः पारशी असून, त्यांच्याच समाजातल्या अनेकांचा पोटापाण्याचा धंदा दारूचा असूनही हा निर्णय त्यांनी घेतला आणि रोषही ओढवून घेतला.

गिरणी कामगाराचा पगार घरी पोहोचण्याआधी गुत्त्यात संपतो, हे वास्तव होतं. त्यामुळे गिल्डरसाहेबांच्या हेतूविषयी शंका घेण्याचं कारण नाही. पण त्याच वर्षाच्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग फार काळ टिकला नाही.

‘प्रकृतीसाठी’ दारू

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला. पाठोपाठ आलेल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने दारूबंदीचा प्रयत्न करावा असं राज्याला सांगितलं. अपवाद ठेवला तो औषधी वापराचा. मोरारजी देसाई यांच्या काळात मुंबई राज्यात या कायद्याची अंमलबजावणी कडक होती.

या कायद्याला एक खिडकी होती, आणि त्या खिडकीत आम्हा डॉक्टरांना बसवलेलं होतं. ज्याला प्रकृती टिकवण्यासाठी दारूची गरज आहे, त्याला ‘हेल्थ परमिट’ मिळू शकत होतं. त्यासाठी वैद्यकीय दाखला लागे. म्हणजे पिणाऱ्याने आधी आजारी व्हायचं, डॉक्टरने त्याच्या आजारावर सही करायची आणि मग सरकारने त्याला पिण्याची परवानगी द्यायची. इंग्रजी दारू परवडणारा सुशिक्षित माणूस या वाटेने जाई. गरिबाला ती वाट नव्हती.

दारूबद्दल डॉक्टरशी खरं बोलायचं नसतं, ही सवय आपल्याकडे कायद्यानेही लावली, असं मला वाटतं. पूर्वी परमिट मिळवण्यासाठी आजार वाढवून सांगत, आता अब्रू राखण्यासाठी दारू कमी करून सांगतात. दोन्ही वेळा डॉक्टरच्या कागदावर जे लिहिलं जातं ते खरं नसतं.

आज वैद्यकशास्त्राची भूमिका स्पष्ट आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित म्हणता येईल असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. प्रकृतीसाठी दारू हवी, असा दाखला आज शास्त्राला धरून कुणालाच देता येणार नाही.

आंटीचं घर, हातभट्टी आणि लाठ्ठा

ज्यांच्याकडे परमिट नव्हतं त्यांचं काय? मुंबईत गोव्याकडच्या ख्रिस्ती बायकांनी चाळीतल्या खोलीत, पडद्यामागे सुरू केलेले ‘आंटीचे अड्डे’ त्या काळात प्रसिद्ध झाले. एक बाक, काचेचा पेला, सोबत उकडलेलं अंडं किंवा चणे. गिऱ्हाईकाने पटकन प्यायचं आणि निघायचं, कारण पोलीस कधीही येऊ शकत. पिण्याचा वेग वाढला तो असा.

गावाकडे काळा गूळ आणि नवसागर घालून हातभट्टी पेटली. सगळ्यात भयंकर होतं ते औद्योगिक स्पिरिटचं, ज्याला मुंबईत ‘लाठ्ठा’ म्हणत. त्यात मिथेनॉल असतं. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक ॲसिड होतं. ते आधी डोळ्यांच्या नसा मारतं आणि मग माणसाला. हा प्रकार जुन्या काळाबरोबर संपलेला नाही. २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत असेच बळी गेले. मालवणीत तर शंभरावर. विषारी दारूचे बळी बहुतेक वेळा गरीबच असतात, आणि उशिरा दवाखान्यात येतात. ‘पोलीस केस होईल’ या भीतीत मोलाचे तास निघून जातात. दारूनंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धुरकट दिसायला लागलं, पोट दुखून उलट्या व्हायला लागल्या, धाप लागली तर थांबू नका. मिथेनॉलच्या विषबाधेवर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.

परमिट रूम

१९६० च्या दशकात, वसंतराव नाईक यांच्या काळात, दारूबंदी सैल होत गेली. परवाने सहज मिळू लागले. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि साखर कारखान्यांच्या मळीला मोठं गिऱ्हाईक मिळालं. पण कायदा रद्द झाला नाही. नावात ‘दारूबंदी’ ठेवूनच तो दारूचं नियमन करत राहिला. म्हणूनच आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो: एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. आणि म्हणूनच आपल्याकडच्या बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असं लिहिलेलं असतं. परवानाधारकाने बसायची खोली, इतकाच त्याचा मूळ अर्थ. आत बसलेल्या किती जणांच्या खिशात परवाना असतो, हे तुम्हीही जाणता.

कायदा सैल झाला, पण खोली अंधारीच राहिली. वर कुटुंबासाठी ‘फॅमिली रूम’, खाली किंवा मागे परमिट रूम. गडद काचा, मंद दिवा आणि बहुतेक ठिकाणी फक्त पुरुष. मालेगावसारख्या गावात तर हा पडदा दुहेरी आहे. इथे अनेकांच्या घरात दारू धर्माने निषिद्ध आहे, आणि बाकीच्यांच्या घरातही तिचं नाव मोठ्याने घेत नाहीत. म्हणून पिणारा गावाबाहेर हायवेला जातो, ओळखीचं कुणी दिसणार नाही अशा ठिकाणी. आणि मग तसाच मोटारसायकलवर परत येतो.

अंधाराचा शरीरावर परिणाम

आता वैद्यकाचं अर्धं. ३० मिली व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

दारू मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जाते. पोटात जेवण असेल तर जठर हळूहळू रिकामं होतं आणि रक्तातली पातळी सावकाश वाढते. पोट रिकामं असेल तर ती झपाट्याने चढते. लपून पिणाऱ्याकडे वेळ कमी असतो. तो संध्याकाळी उपाशीपोटी, भराभर पितो. सोबतीला खारे शेंगदाणे आणि फरसाण, ज्यांतलं मीठ तहान आणि रक्तदाब दोन्ही वाढवतं. मग रात्री उशिरा तेलकट जेवण, किंवा जेवणच नाही.

मधुमेहाच्या रुग्णाला हे विशेष धोक्याचं आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपाशीपोटी दारू घेतली, तर यकृताचं साखर तयार करण्याचं काम मंदावतं आणि रक्तातली साखर एकदम उतरते. माणूस बरळतो, अडखळतो, बेशुद्ध होतो. घरचे म्हणतात, ‘जास्त झाली, झोपू द्या.’ अशा वेळी झोपू देऊ नका, साखर तपासा.

यकृत दारू पचवतं ते ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगाने. म्हणजे रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पूर्ण उतरायला सकाळचे चार-पाच वाजू शकतात. लिंबू, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

मग इझाकाया चांगला का?

जेवणासोबत, सावकाश, बसून प्यायल्याने दारू कमी वेगाने चढते, एवढं खरं. पण शरीरात गेलेली एकूण दारू जवळपास तेवढीच राहते, आणि यकृत, रक्तदाब, कर्करोग यांचा हिशोब त्या एकूण दारूवर चालतो. भरल्या पोटी प्यायलं की काही होत नाही, हा गैरसमज आहे.

जपानलाही दारू फुकट पचलेली नाही. तिथल्या सुमारे ४० टक्के लोकांत दारू पचवणारं एक विकर जन्मतःच कमजोर असतं. पहिल्याच पेल्यात चेहरा लाल होतो, आणि असे लोक नियमित पीत राहिले तर त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच जास्त असतो. साहेब बोलावतोय म्हणून नाही म्हणता येत नाही, हा दबावही तिथे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जपान सरकारने लोकांना पेल्यांऐवजी ग्रॅममध्ये मोजायला सांगणारी मार्गदर्शक सूचना काढली. रोज पुरुषांनी ४० ग्रॅम आणि स्त्रियांनी २० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यास जीवनशैलीच्या आजारांचा धोका वाढतो, असं त्यात म्हटलं आहे. आपली क्वार्टर ६० ग्रॅमची आहे. जपानी माणसाच्या दीर्घायुष्यामागे कमी लठ्ठपणा, कमी हृदयविकार आणि १९६१ पासून सर्वांना मिळालेला आरोग्य विमा आहे. त्यात साकेचा वाटा नाही.

त्या मुलाला मी म्हणालो, तिकडून घ्यायचीच झाली तर एक गोष्ट घे. काम संपल्यावर चार माणसांनी उजेडात एकत्र बसणं. आणि त्यासाठी जपानला जायची गरज नाही. आपल्या मालेगावात लूमची पाळी सुटली की चहाची हॉटेलं भरतात. रात्री उशिरापर्यंत एका कटिंगवर तासभर गप्पा चालतात, मजुरी, सुताचे भाव, राजकारण, सिनेमा सगळं होतं. साखर जरा कमी घाला, एवढंच माझं म्हणणं. बसण्यासाठी दारू लागत नाही, हे या गावाला पूर्वीपासून माहीत आहे.

दवाखान्यात उजेड लावा

देवीच्या चळवळीतल्या लोकांनी उघडपणे, एकत्र दारू सोडली, हे मी वर सांगितलं. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेलं मुक्तांगण असो, की ठिकठिकाणी चालणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा असोत, तिथेही पहिली पायरी तीच: चार लोकांत ‘मला त्रास आहे’ असं म्हणणं. दारू अंधारात वाढते, तिच्यावरचे उपचार मात्र उजेडातच होतात.

म्हणून माझी विनंती. डॉक्टर विचारतील तेव्हा चार गोष्टी खऱ्या सांगा: काय घेता, किती घेता, आठवड्यातून किती वेळा आणि शेवटची कधी घेतली. घरच्यांसमोर सांगता येत नसेल तर ‘एकट्याने बोलायचं आहे’ म्हणा. तुमचं गुपित राखणं हे आमचं कर्तव्य आहे. ऑपरेशनपूर्वी तर हे लपवूच नका. झोपेच्या गोळ्या, मेट्रोनिडॅझोल, पॅरासिटामॉल, मधुमेहाची औषधं चालू असतील तर आवर्जून सांगा. आणि रोज घेत असाल तर स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करू नका. सोडायचं ठरवलंत तर अभिनंदन, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. थरथर, भास आणि झटके टाळणारी औषधं आहेत.

त्या रात्रीनंतर मीही एक गोष्ट बदलली. हा प्रश्न मी आता नातेवाइकांना बाहेर बसवून विचारतो, आणि ‘घेता का?’ असं न विचारता ‘किती घेता?’ असं विचारतो. न घेणारा हसून ‘अजिबात नाही’ म्हणतो. घेणारा क्षणभर थांबतो आणि बहुतेक वेळा खरं सांगतो.

ते गृहस्थ अजून येतात. मधे एकदा पाय घसरला, तेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. आता पत्नी शेजारी बसलेली असते आणि ते तारीख सांगतात, शेवटची कधी घेतली त्याची. मी ती कागदावर लिहून ठेवतो. तिच्यावर आता माझा विश्वास बसतो.